उसनवारीची वही

सरकारी रजिस्टरात रकाने अकरा.
आवक, जावक, बॅच, मुदत, शिल्लक…
'उसने' असा रकाना नाही.
म्हणून ही वही. धाकट्याच्या भूमितीची,
मी मागच्या पानापासून सुरू केलेली.
पुढच्या बाजूला त्याची वर्तुळं आहेत, अर्धवट.

पहिली नोंद:
तळसुरेहून ऑक्सिजनचा सिलिंडर, एक.
जनावरांचे डॉक्टर केळुसकर, त्यांच्या जीपमधून आला.
सोबत एक गाभण शेळीही होती, ती लिहिलेली नाही.

मग होत होत पाच केंद्रं झाली.
कुणी सभा घेतली नाही, फीत कापली नाही.
कोळवलीच्या नफीसा सिस्टर,
माळशेतचा बाँडवरचा डॉक्टर, मूळचा परभणीचा,
बांगड्याच्या काट्याला अजून घाबरणारा,
बंदरावरचा बर्फाचा कारखाना,
आणि शरफुद्दीन होडेकर, ज्याच्याकडे होडी आहे
आणि झोप नाही.

लसीकरणाच्या तक्त्याशेजारी
मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलं.
तपासणीचे साहेब म्हणाले, हे कशाला?
म्हटलं, साहेब, आमची ॲम्ब्युलन्स
याच्यावर चालते.

पान बारा.
भाताची कापणी. गोताडांची सून, सुलभा.
पेंढी उचलताना हाताला पान लागलं.
आमच्याकडे असंच म्हणतात, नाव घेत नाहीत.
वीतभर फुरसं, मेलेलं, दीर घमेल्यात घेऊन आलेला.

काचेच्या नळीत तिचं थोडं रक्त.
वीस मिनिटं हलवायचं नाही.
मी औषधं मोजणारी बाई, मला नळीशी काय काम,
पण उभी राहिले.
वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली.
पाण्यासारखं वाहिलं.

फ्रिजमध्ये कुप्या सहा. लागणार दहा,
आणि पहाटे कदाचित आणखी.
तळसुरे: नाहीत. माळशेत: दोन, पण रस्ता खचलेला.
नफीसा सिस्टर फोनवर जरा गप्प होत्या.
मग म्हणाल्या, चार देते.
खाडीत ओहोटी लागलेली, अर्धा तास हातात.
"तू फोन ठेव," शरफुद्दीन म्हणाला, "मी सुटलंय."

कुप्या आल्या त्या माशाच्या बर्फात,
थर्माकोलच्या डब्यावर सुरमईचा खवला चिकटलेला.
अडीच वाजता पुन्हा नळी. पुन्हा वाहिलं.
सकाळी आठला, माळशेतच्या दोन पोचल्यावर,
नळी उलटी केली
आणि रक्त जागचं हललं नाही.
इतकी सुंदर गोठलेली वस्तू मी पाहिली नव्हती.

कोळवलीच्या त्या चार शेवटच्या होत्या,
हे मला नऊ दिवसांनी कळलं,
जिल्ह्याची गाडी आल्यावर.
नऊ रात्री नफीसा सिस्टर
बॅटरी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत होत्या:
गमबूट घाला. पेंढी आधी काठीने उचला.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
मलाही नाही.

मी चार कुप्या परत पाठवल्या.
रिकामा डबा परत करू नये, म्हणून वर सोलं ठेवली,
उन्हात नीट वाळवलेली.
सुलभाच्या सासूने तांदूळ दिले, नवे,
त्याच खाचरातले.

तपासणीचे साहेब पुन्हा येतील.
विचारतील, कुठल्या नियमाने दिलंत, कुठल्या नियमाने घेतलंत.
माझ्याकडे उत्तर नाही, वही आहे.
फक्त सतरावं पान त्यांनी वाचू नये असं वाटतं.

पान सतरा: माळशेतला कुप्या आठ.
गेल्या रात्री दहाला.
परत आल्या सकाळी,
आठच्या आठ.
सील न तोडलेल्या.
'परत' च्या रकान्यात मी बरोबरची खूण केली
आणि बराच वेळ
पेनाचं टोपण सापडेना.